नऊ की दहा? कोथरूडमधलं एक खोकं आणि ग्रेडिंगचा हिशेब

कोथरूडमधल्या एका फ्लॅटच्या माळ्यावर बुटांच्या खोक्यात साधारण दोनशे स्पोर्ट्‌स कार्डं पडून होती. मालक काही वर्षं नोकरीनिमित्त न्यू जर्सीत होते, तेव्हा हौसेने घेतलेली. विकायचं ठरलं आणि काम भाच्याकडे आलं. त्याने मोबाईलवर भाव पाहिले आणि म्हणाला, "मामा, तुझं लेब्रॉन चारशे डॉलरचं आहे." मामाने चष्मा पुसून स्क्रीन पाहिली. "अरे, पण इथे खाली तेच कार्ड साठला गेलंय."

दोघंही बरोबर होते. कार्ड एकच होतं: टॉप्सच्या २००३-०४ च्या बास्केटबॉल संचातलं २२१ क्रमांकाचं, लेब्रॉन जेम्सचं रूकी, म्हणजे खेळाडूच्या पहिल्या मोसमातलं कार्ड. चारशेवालं पीएसए या ग्रेडिंग कंपनीच्या, म्हणजे कार्ड तपासून गुण देणाऱ्या कंपनीच्या सीलबंद प्लॅस्टिकमध्ये होतं, वर १० हा आकडा. साठवालं मोकळं. (पुढचे सगळे भाव गणित कळावं म्हणून गोल धरले आहेत. बाजार रोज हलतो, म्हणून विकताना गेल्या महिन्याभरात प्रत्यक्ष झालेले सौदे पाहावेत. विक्रेत्याने मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे.)

खोक्यात काय निघालं

दोनशेपैकी १९० हून अधिक कार्डं नव्वदच्या दशकातली साधी कार्डं होती. त्या काळात अमेरिकन कंपन्यांनी इतकी छपाई केली की आजही ती किलोवारी मिळतात. ती पहिल्याच फेरीत बाजूला गेली. विचार करण्यासारखी राहिली सहा: लेब्रॉनची दोन, अप्पर डेक कंपनीची १९८९ ची बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनियरची तीन, आणि ऑस्ट्रेलियाच्या फुटेरा कंपनीचं नव्वदच्या दशकातलं सचिन तेंडुलकरचं एक. सचिनच्या कार्डावर निळ्या बॉलपेनने सही. मामाच्या म्हणण्यानुसार खुद्द सचिनचीच.

भाच्याचा पहिला बेत सहाच्या सहा अमेरिकेला पाठवायचा होता. तसं केलं असतं तर सहापैकी पाच कार्डांवर पैसे गेले असते.

आकड्याने भाव का हलतो

ग्रेडिंग कंपनी कार्डात काही सुधारत नाही. ती तीन गोष्टी करते: कार्ड खरं आहे का ते पाहते, त्याला कातरलं, रंगवलं किंवा दाबून सरळ केलं आहे का ते पाहते, आणि अवस्थेला एक ते दहामधला आकडा देते. मग ते प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून क्रमांक लावते. या डबीला सगळे स्लॅब म्हणतात. क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की कार्डाची नोंद दिसते. लक्ष्मी रोडवर दागिना घेताना आपण सहा अक्षरी एचयूआयडी पाहतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की सोन्याची शुद्धता मोजता येते. कार्डाचा कोपरा किती टोकदार आहे हे शेवटी एका माणसाचं मत असतं.

या मताला एवढी किंमत का, हे खरेदीदाराच्या बाजूने पाहिलं की कळतं. ओहायोतल्या माणसाला कोथरूडमधलं कार्ड हातात घेता येत नाही. विक्रेत्याने "एकदम नवं" लिहिलेलं असतं; ते तर सगळेच लिहितात. फोटोत पृष्ठभागावरचे बारीक ओरखडे दिसत नाहीत, कातरलेली कड तर नाहीच नाही. म्हणून मोकळ्या कार्डाला तो वाईटात वाईट शक्यता धरूनच भाव देतो. स्लॅब आला की हा वाद मिटतो. म्हणजे स्लॅबची पहिली कमाई ही अविश्वासाची वजावट भरून काढण्यात आहे.

दुसरी कमाई वेगळीच, आणि भाव खरा उडतो तो तिच्यामुळे. प्रत्येक कंपनी आपण कुठल्या कार्डाला कुठला ग्रेड किती वेळा दिला याची यादी जाहीर करते. तिला पॉप्युलेशन रिपोर्ट म्हणतात, बोलीत नुसतं पॉप. फ्लीअरचं १९८६ चं मायकल जॉर्डन कार्ड पीएसएने हजारोंनी तपासलं आहे, पण १० मिळालेली तीनशेच्या थोडीच वर आहेत. त्याच्या लाल-निळ्या कडेचा रंग जरा घासलं तरी उडतो आणि छपाई क्वचितच मध्यावर बसते, म्हणून दहा दुर्मिळ. २०२१ च्या सुरुवातीला तसं दहाचं कार्ड ७,३८,००० डॉलरला गेलं. नऊच्या त्याच कार्डाला त्याचा लहानसा हिस्साच मिळत होता, तरी उघड्या डोळ्यांना दोघांत फरक शोधून सापडत नाही. पुढच्या वर्ष-दीड वर्षात दहाचा भावही दोन लाख डॉलरच्या आसपास उतरला, म्हणजे स्लॅबमुळे बाजाराचे चढउतार थांबत नाहीत.

दहाला ही मागणी येते त्याचं एक कारण पीएसएची संचनोंदणी. संग्राहक आपापले संच तिथे नोंदवतात आणि सरासरी ग्रेडवर क्रमवारी लागते. एकाला वर जायचं असतं, दुसऱ्याला त्याच्याही वर. तिथे नऊ असणं पुरत नाही.

कंपनीच्या नावाचाही भाव असतो. पीएसए १९९१ ची, एसजीसी १९९८ ची, बेकेटची ग्रेडिंग सेवा १९९९ ची. सीजीसीचं मूळ काम कॉमिक्सचं, कार्डांत ती २०२० मध्ये आली. बेकेट मध्यरेखा (छपाई किती मध्यावर बसली आहे), कोपरे, कडा आणि पृष्ठभाग यांचे चार उपग्रेड छापते आणि अर्धा गुणही देते; चारही दहा आले तर काळं लेबल, आणि त्याचा भाव पीएसएच्या दहालाही मागे टाकू शकतो. पीएसएत अर्धे ग्रेड आहेत, पण साडेनऊ नाही. एसजीसीची काळी चौकट जुन्या बेसबॉल कार्डांवर शोभते म्हणून तिथे तिचा मान मोठा. टॉप्सचं १९५२ चं मिकी मँटल कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १.२६ कोटी डॉलरला गेलं ते एसजीसीच्या साडेनऊ ग्रेडमध्ये. पण लेब्रॉनसारख्या आधुनिक कार्डाला बहुतेक वेळा पीएसएचाच भाव वर असतो. कारण साधं आहे: मागचे सौदे तिथे जास्त, त्यामुळे पुढचा भाव बांधणं सोपं आणि गिऱ्हाईक लवकर मिळतं. गंमत म्हणजे फेब्रुवारी २०२४ पासून पीएसए आणि एसजीसी एकाच मालक कंपनीच्या आहेत. लेबलांचे भाव तरी वेगळेच.

या सगळ्याचा पाया म्हणजे माणसाचं मत, आणि ते चुकतं. पीएसएने पहिल्यांदा ग्रेड दिला तो बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या टी२०६ या जुन्या संचातल्या कार्डाला, ग्रेड ८. ते कार्ड २००७ मध्ये २८ लाख डॉलरला गेलं. २०१३ मध्ये लिलावदार बिल मॅस्ट्रो यांनी त्याच्या कडा आपण कातरल्याची कबुली दिली. २०१९ मध्ये संग्राहकांनी जुन्या आणि नव्या लिलावांचे फोटो शेजारी ठेवून दाखवलं की फेरफार केलेली कितीतरी कार्डं वरच्या ग्रेडच्या स्लॅबमध्ये बसली आहेत. एवढं होऊनही बाजार स्लॅबपासून हटला नाही, कारण दूरच्या खरेदीदारापुढे दुसरा मार्ग नव्हता.

टेबलावरची तपासणी

तपासणीला लागतं थोडं: सराफ वापरतात तसं दहापट भिंग, एक एलईडी टॉर्च, काळं कापड, आणि ६०० डीपीआयचा स्कॅनर. पट्टीने कडा मोजू नयेत. कार्ड ६३.५ बाय ८८.९ मिमीचं, त्यात कड जेमतेम तीन मिमीची. तिथे ०.१ मिमीची चूक झाली की प्रमाण जवळपास दोन टक्क्यांनी सरकतं. ६०० डीपीआयला १ मिमी म्हणजे सुमारे २४ पिक्सेल, म्हणून स्कॅनवर पिक्सेल मोजणं बरं.

लेब्रॉनच्या दोन कार्डांना अ आणि ब म्हणू. ब जास्त चमकदार, चारही कोपरे सुईसारखे. मामाचा जीव त्याच्यावरच. मोजल्यावर डावी कड ३.१ मिमी, उजवी २.४. बेरीज ५.५, म्हणजे ५६/४४. पीएसएच्या दहासाठी पुढची बाजू ५५/४५ च्या आत लागते. पूर्वी ६०/४० पर्यंत खपायचं, २०२५ मध्ये ते आवळलं. मागच्या बाजूला ७५/२५ पर्यंत सूट आहे. ब इथेच दहातून बाद झालं, नऊ मात्र मिळू शकलं असतं.

अ ची डावी २.९, उजवी २.६: ५३/४७. वरची ३.०, खालची २.५: ५४.५/४५.५. पास, पण काठावर. मग टॉर्च जवळजवळ आडवा धरून कार्ड हळूहळू फिरवलं. छपाईच्या रेषा, बोटांचे ठसे, दाबाचे खळगे असे तिरक्या उजेडातच दिसतात, वरून पाडलेल्या उजेडात नाही. पुढची बाजू स्वच्छ निघाली. काळ्या कापडावर पालथं ठेवल्यावर मागच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात भिंगाखाली एक पांढरा ठिपका दिसला, टाचणीच्या टोकाहून लहान. आतला कागद उघडा पडला होता.

अशा वेळी काहीजण ठिपक्यावर स्केचपेन टेकवतात. तो फेरफार ठरतो आणि पकडला गेला तर कार्ड आकड्याशिवाय परत येतं. कोरड्या मायक्रोफायबरने बोटाचा ठसा हलक्या हाताने टिपणं चालतं. पाणी, स्पिरिट, मेण, इस्त्री यांतलं काहीही नाही.

पुण्यात आणखी एक पथ्य. जुलै-ऑगस्टमध्ये तपासणी आणि पॅकिंग करू नये. क्रोम कार्डांत एका बाजूला चकचकीत थर आणि दुसऱ्या बाजूला कागद असतो. दमट हवेत कागद फुगतो आणि कार्ड धनुष्यासारखं वाकतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत आठवडाभर ठेवलं की बहुतेक वेळा आपोआप सरळ होतं.

ग्रिफीच्या तिन्ही कार्डांवर फार वेळ घालवायची गरज नव्हती. १९८९ चं ते कार्ड प्रसिद्ध असलं तरी त्याची दहाची स्लॅबंच हजारोंनी आहेत. नऊला मिळणाऱ्या भावातून फी आणि कुरिअर वजा जाता फारसं उरत नाही, आणि तिघांचेही कोपरे खोक्यात घासून मऊ झालेले.

सचिनचं कार्ड भाच्याला सगळ्यात मौल्यवान वाटत होतं. "मामा, याचं पॉप तर जवळजवळ नाहीच! म्हणजे दुर्मिळ." पॉप कमी असण्याची दोन कारणं असतात: कार्डं कमी असणं, किंवा कोणी पाठवायच्या भानगडीतच न पडणं. इथे दुसरं. क्रिकेट कार्डांचा स्लॅबबाजार अजून बारीक आहे, सौदे तुरळक, आणि संचाची स्पर्धा जवळजवळ नाही. त्यात ती सही. तिची खातरजमा वेगळी करून घेतली नाही तर कंपनीच्या लेखी ती पेनची खूण, आणि तिने ग्रेड पडतो. खातरजमेची फी वेगळी, आणि कंपनीला सही मान्य झाली नाही तरी फी जातेच. सही घेताना काढलेला फोटो मामाकडे नव्हता.

फीचं गणित

भाच्याने अ साठी मांडलेला हिशेब असा. ग्रेडिंग फी ३० डॉलर. जाण्यायेण्याचं विमा असलेलं कुरिअर एका कार्डासाठी परवडत नाही, पण पुण्यातल्या हौशी मंडळींनी मिळून दहा कार्डांचं पार्सल केलं तर कार्डामागे २५, त्यातले १५ परतीचे. विक्रीवर साइटचं कमिशन साधारण १३ टक्के. म्हणजे दहा मिळालं तर ४०० चे हातात ३४८, खर्च ५५ वजा जाता २९३. नऊ मिळालं तर १०० चे ८७, उरले ३२. आठ मिळालं तर ६० चे ५२, म्हणजे तीन डॉलर तोटा. आणि काहीच न करता मोकळं विकलं तर ६० चे ५२.

नऊ मिळण्याची शक्यता निम्मी धरली तर बरोबरीत सुटायला दहाची शक्यता आठात एक तरी हवी. काठावरची मध्यरेखा आणि मागचा ठिपका पाहता अ साठी तेवढीही धरवत नव्हती. इथे बेत रद्द व्हायला हवा होता.

पण हिशेबातला एक आकडा चुकीचा होता: मोकळ्या कार्डाचे ६० डॉलर. तो भाव हजारो सौदे केलेल्या अमेरिकन विक्रेत्याचा. पुण्यातल्या नव्या खात्याला, ज्याच्यामागे एकही अभिप्राय नाही, त्याच कार्डाचे ४० मिळाले तरी पुष्कळ. ४० चे हातात ३५. आता बरोबरीसाठी दहाची शक्यता चौदात एक पुरते. आणि परतीचं कुरिअर टाळून कार्ड तिकडूनच विकलं तर १५ डॉलर वाचतात; मग नऊलाही ४७ उरतात, मोकळ्याच्या ३५ पेक्षा जास्त. म्हणजे दहा न येता नऊ आलं तरी पाठवणं परवडतं. न्यू जर्सीत राहणाऱ्याने हेच कार्ड, त्याच कोपऱ्यासकट, पाठवायला नको होतं. पुण्यातल्याने पाठवायला हवं. आंतरजालावरचे ग्रेडिंगचे सल्ले बहुतेक अमेरिकन विक्रेत्याला धरून लिहिलेले असतात आणि ही गोष्ट त्यांत येत नाही.

ब ला हा नियम लागू नव्हता. त्याचा गिऱ्हाईक पुण्यातच मिळाला: कार्ड हातात घेऊन, स्वतःचं भिंग लावून, रोख पैसे देणारा. समोरासमोरच्या सौद्यात अविश्वासाची वजावट नसते, म्हणून तिथे स्लॅबची पहिली कमाई शून्य. दहाची आशा नसलेलं कार्ड तर असंच विकावं. ग्रिफीची तिन्ही त्यालाच वर टाकून दिली.

पाठवताना

अ आधी मऊ पातळ स्लीव्हमध्ये आणि मग अर्धकडक पाकिटात गेलं. टॉपलोडर, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं पाकीट, नको; त्यातून कार्ड काढताना तपासनिसाच्या हातून कोपरा दबण्याची भीती असते आणि कंपन्या अर्धकडकच मागतात. स्लीव्हला वर कागदी पट्टी चिकटवली, ओढून काढायला. पाकिटं दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून रंगकामाची कागदी टेप लावली. रबरबँड लावला तर तो कडेवर खाच पाडतो.

अर्जात लिहायची किंमत म्हणजे ग्रेड मिळाल्यानंतरची अंदाजे किंमत. विमा त्यावर ठरतो. कमी लिहून फीचा स्वस्तातला वर्ग घेतला आणि दहा आलं तर कंपनी वरच्या वर्गाची फी नंतर लावते.

कस्टम्सच्या कागदावर "छापील संग्राह्य कार्डं, तपासणीसाठी" असं स्पष्ट लिहिलं, प्रत्येक कार्डाचा पुढचा-मागचा फोटो आणि किमतीची यादी जोडली. ज्यांची कार्डं भारतात परत यायची होती त्यांनी निर्यातीचे कागद जपून ठेवले. नाहीतर आपलीच वस्तू नवी आयात म्हणून मोजली जाते आणि शुल्काचा वाद सुरू होतो. अमेरिकेनेही ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली आहे, त्यामुळे "छोटं पार्सल आहे, सुटेल" हा जुना भरवसा धरू नये. मुदतीचंही तसंच. मार्च २०२१ मध्ये कामाचा ढीग एवढा साचला की पीएसएने नवी कार्डं घेणं बऱ्याच वर्गांत थांबवलं होतं. संकेतस्थळावर लिहिलेली मुदत म्हणजे वचन नव्हे.

निकाल

अ ला नऊ मिळालं. कारण लिहून आलं नव्हतं, पण मागचा ठिपका आणि वरची-खालची काठावरची मध्यरेखा यांतलं एक किंवा दोन्ही असणार.

भाच्याने लगेच विचारलं, "स्लॅब फोडून परत पाठवलं तर?" असं करणारे बरेच असतात. तपासनीस बदलतो, दिवस बदलतो, कधी नऊचं दहाही होतं. पॉप रिपोर्ट थोडा फुगलेला असतो तो यामुळेच: फोडलेल्या स्लॅबचं लेबल कंपनीला कळवलं नाही तर एकच कार्ड दोनदा मोजलं जातं. पण कोपऱ्यातला उघडा कागद दुसऱ्या तपासनिसालाही दिसणार. मध्यरेखेबाबत मतभेद होऊ शकतो, ठिपक्याबाबत नाही. त्यात पुन्हा ३० डॉलर आणि स्लॅब फोडताना कोपऱ्याला धक्का लागण्याचा धोका. कार्ड तिकडूनच १०० डॉलरला विकलं, हातात ४७ पडले.

विकणारा मोकळा झाला तरी स्लॅब विकत घेणाऱ्याचं काम संपत नाही. नकली स्लॅबवर खऱ्या कार्डाचा क्रमांक छापलेला असतो, म्हणून संकेतस्थळावर क्रमांक जुळणं पुरेसं नाही. तिथे फोटो असेल तर मध्यरेखा, छपाईचे ठिपके आणि लेबलाची अक्षरं ताडून पाहावीत. डबीच्या जोडावर नख फिरवावं. अस्सल जोड सलग असतो, फोडून चिकटवलेला कुठेतरी पांढरा किंवा खडबडीत लागतो.

सचिनचं कार्ड मामाकडेच आहे, अर्धकडक पाकिटात, सिलिका जेलच्या डब्यात. सहीच्या खातरजमेला ते पाठवायचं की नाही हे मामा-भाच्यात अजून ठरलेलं नाही, पण क्रम नक्की झाला आहे: आधी त्या काळच्या अल्बममध्ये सही घेतानाचा फोटो सापडतो का ते पाहायचं, आणि फीचा विचार त्यानंतर.